निरागसपणाचे कौतुक आणि जंगलाचा सातबारा

मराठीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आमच्यासारख्या प्राध्यापकांना काही वाक्ये तोंडपाठ झालेली असतात. ती कुणा एका विद्यार्थ्याची नसतात. दरवर्षी, प्रत्येक गठ्ठ्यात, थोड्याफार फरकाने ती भेटतातच. 'आदिवासी हा निसर्गाच्या कुशीत वाढलेला, निरागस आणि निर्मळ मनाचा असतो. जंगल ही त्याची माता असते' हे त्यांपैकी एक. आदिवासी साहित्यावरील प्रश्नाच्या उत्तरात आलेल्या या वाक्याला आम्ही वर्षानुवर्षे बिनदिक्कत गुण देत आलो. विद्यार्थ्यांना ते आमच्याच टिपणांतून मिळालेले असण्याची शक्यताही नाकारता येत नाही.

या वाक्याकडे पुन्हा पाहावे असे वाटण्याचे कारण जरा दूरचे आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमधील बेलें शहरात, म्हणजे ॲमेझॉनच्या तोंडाशीच, संयुक्त राष्ट्रसंघाची तिसावी हवामान परिषद भरली. तिच्या बातम्या वाचताना आमचे हे वाक्य पोर्तुगीज आणि इंग्रजी पेहरावात जागोजागी भेटू लागले. आदिवासी हे अरण्याचे राखणदार आहेत, पृथ्वीचे रक्षक आहेत, त्यांच्याकडून जगाने शिकावे, असे व्यासपीठावरचे जवळजवळ सगळेच सांगत होते. आणि १४ नोव्हेंबरला सकाळी मुन्दुरुकू या आदिवासींनी परिषदेचे मुख्य प्रवेशद्वारच अडवून धरले. तापाजोस नदीचा जलमार्ग, तिच्या खोऱ्यातून नेला जाणारा प्रस्तावित लोहमार्ग आणि जंगलाच्या नावाने होणारी कार्बनची खरेदी-विक्री या गोष्टी त्यांना नको होत्या आणि राष्ट्राध्यक्षांना भेटून ते सांगायचे होते. परिषदेचे अध्यक्ष बाहेर आले, त्यांच्याशी बोलले, एका आंदोलकाचे तान्हे मूल त्यांनी कडेवर घेतले. ते छायाचित्र जगभर गेले. मागण्यांची यादी मात्र फार थोड्या ठिकाणी छापली गेली.

आत ज्यांचे गुणगान चालू आहे तेच दाराबाहेर अडून बसले आहेत, ही विसंगती केवळ संयोजकांच्या ढिसाळपणातून आलेली नाही. जंगल राखण्याचे श्रेय आदिवासींच्या स्वभावाला दिले की त्यांच्या हक्कांचा हिशेब द्यावा लागत नाही. स्वभावाला दस्तऐवज लागत नाही, हक्काला लागतो. ॲमेझॉनमध्ये जे अरण्य आज उभे आहे, त्याचा मोठा भाग कुणाच्या निरागसपणामुळे उभा नसून कुणीतरी भांडून आखून घेतलेल्या सीमारेषेमुळे उभा आहे, असे आमचे म्हणणे आहे. आणि ते थोडे विस्ताराने मांडण्याची गरज आहे.

आधी कौतुकाबद्दलच. गेली वीसएक वर्षे एक आकडा सर्वत्र फिरतो आहे: जगाच्या लोकसंख्येत पाच-सहा टक्के असलेले आदिवासी जगातील ८० टक्के जैवविविधता सांभाळतात. अहवालांत, भाषणांत, संशोधनलेखांतही तो सापडतो. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत काही अभ्यासकांनी, ज्यांत आदिवासी समाजांतले संशोधकही होते, या आकड्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही असे दाखवून दिले. जैवविविधता टक्क्यांत मोजण्याची अशी रीतच उपलब्ध नाही. असल्या पोकळ आकड्याने आदिवासींच्या खऱ्या कामगिरीवरचा विश्वास उडेल, ही त्यांची काळजी होती. आम्हांला यातली गंमत अशी वाटते की, इतकी वर्षे हा आकडा कुणी तपासला नाही, कारण तो स्तुतीचा होता. निंदेचा आकडा असता तर पहिल्याच दिवशी पुरावा मागितला गेला असता.

खरे आकडे कमी भव्य असले तरी अधिक बोलके आहेत. उपग्रहचित्रांवरून ब्राझीलच्या भूमीची नोंद ठेवणाऱ्या 'मॅपबायोमास' या प्रकल्पानुसार १९९० ते २०२० या तीस वर्षांत आदिवासी क्षेत्रांतील नैसर्गिक वनाच्छादन अवघे एक टक्का घटले. खासगी मालकीच्या जमिनींवर ही घट वीस टक्क्यांहून अधिक होती. आकाशातून पाहिले तर रोंदोनियासारख्या राज्यात हा फरक नकाशावर कुणी पट्टीने रेघ मारावी तसा दिसतो. रेघेच्या या बाजूला गडद हिरवे, त्या बाजूला कुरणांची पिवळट ठिगळे. पाऊस तोच आणि मातीही तीच. बदलते ती नकाशावरची एक कायदेशीर ओळ.

या अरण्याचे हवामानाशी नाते काय, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, म्हणून थोडक्यात सांगतो. झाडांच्या खोडांत आणि मातीत साठलेला प्रचंड कार्बन हा त्याचा एक भाग. दुसरा भाग पाण्याचा. अटलांटिकवरून आलेली वाफ अरण्य पावसाच्या रूपाने झेलते, पानांवाटे पुन्हा हवेत सोडते आणि ती ओल पश्चिमेकडे व पुढे दक्षिणेकडे सरकत जाते. ब्राझीलमध्ये तिला 'उडत्या नद्या' म्हणतात. दक्षिणेकडची शेती आणि शहरे या नद्यांवर जगतात. अरण्य एका मर्यादेपलीकडे तुटले तर ही साखळी तुटेल. थॉमस लव्हजॉय आणि कार्लोस नोब्रे यांनी २०१८ मध्ये ती मर्यादा २० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान सांगितली होती, आणि साधारण सतरा-अठरा टक्के अरण्य आताच गेले आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ॲमेझॉनचा आग्नेय भाग शोषतो त्यापेक्षा जास्त कार्बन बाहेर टाकू लागल्याचे आढळले. तेव्हा ती कायदेशीर ओळ हा केवळ ब्राझीलचा महसुली प्रश्न राहिलेला नाही.

ती ओळ आली कुठून? ४ सप्टेंबर १९८७ रोजी ब्राझीलच्या संविधानसभेत एक तरुण आदिवासी नेता बोलायला उभा राहिला. आयल्तोन क्रेनाक त्याचे नाव. अंगावर पांढराशुभ्र सूट. शांत स्वरात बोलता बोलता त्याने जेनिपापो या फळापासून केलेला काळा रंग बोटांनी आपल्या चेहऱ्यावर फासायला सुरुवात केली आणि भाषण संपेपर्यंत सारा चेहरा काळा केला. तो शोकाचा रंग होता. संविधानसभेत आदिवासींचे हक्क पातळ करण्याचे जे प्रयत्न चालले होते, त्यांचा हा निषेध होता. पुढच्या वर्षी, १९८८ मध्ये, संमत झालेल्या संविधानाच्या २३१ व्या कलमाने आदिवासींचे त्यांच्या पारंपरिक जमिनींवरील हक्क 'मूळचे' म्हणून मान्य केले. म्हणजे हे हक्क राज्याने बहाल केलेले नाहीत, ते राज्याच्या आधीपासूनचे आहेत आणि राज्याने फक्त त्यांच्या सीमा आखून द्यायच्या आहेत. (हे क्रेनाक पुढे लेखक म्हणून प्रसिद्ध झाले आणि २०२३ मध्ये ब्राझीलच्या साहित्य अकादमीवर निवडून आलेले पहिले आदिवासी ठरले. साहित्याच्या वाचकांनी एवढी नोंद करायला हरकत नाही.)

लेखाच्या शीर्षकात 'सातबारा' हा शब्द आम्ही वापरला आहे तो अर्थातच लक्षणेने. ब्राझीलमध्ये आदिवासी क्षेत्राची मालकी संघराज्याकडेच राहते. आदिवासींना मिळतो तो कायमचा ताबा आणि जमीन, नद्या, तळी यांवरील अनन्य उपभोगाचा हक्क. भूगर्भातली खनिजे त्यांची नाहीत. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे. सगळ्या क्षेत्रांच्या सीमा पाच वर्षांत आखाव्यात असे त्या संविधानाने म्हटले होते. म्हणजे १९९३ पर्यंत. तीस वर्षे उलटून गेली तरी ते काम अपुरे आहे. २०१९ ते २०२२ या बोल्सोनारो यांच्या कारकिर्दीत तर एकाही नव्या आदिवासी क्षेत्रावर मोहोर उमटली नाही, आणि ते त्यांनी आधी जाहीर करून केले होते.

या अपुऱ्या कामाचा एक अनपेक्षित फायदा झाला तो संशोधकांना. काही क्षेत्रे पूर्ण मंजुरी मिळालेली, काही अर्ध्या वाटेवर अडकलेली. त्यामुळे तुलना करता आली. कॅथरीन बराग्वनाथ आणि एला बायी यांनी १९८२ ते २०१६ या काळाची तपासणी करून २०२० मध्ये निष्कर्ष मांडला: राष्ट्राध्यक्षांची अंतिम मंजुरी मिळून सामूहिक हक्क पूर्ण झाले की त्या क्षेत्रात जंगलतोड लक्षणीय घटते, जिथे हक्क अर्धवट राहिले तिथे असा परिणाम दिसत नाही. हा निष्कर्ष नीट वाचला पाहिजे. दोन्हीकडे माणसे आदिवासीच आहेत. निसर्गाशी त्यांचे नाते, त्यांच्या कथा, त्यांची दैवते यांत कागदावरच्या मोहोरेने फरक पडत नाही. फरक पडतो तो घुसखोराला बाहेर काढण्याच्या त्यांच्या ताकदीत.

आता एका जमातीची गोष्ट सांगतो. ती गुळगुळीत नाही, म्हणूनच निवडली आहे.

रोंदोनिया आणि मातो ग्रोसो या राज्यांच्या सीमेवर पाइतेर सुरुई राहतात. 'पाइतेर' म्हणजे त्यांच्या भाषेत 'आम्ही, खरी माणसे'. ब्राझीलच्या सरकारी पथकाशी त्यांची पहिली अधिकृत भेट झाली ती ७ सप्टेंबर १९६९ रोजी, आणि त्यांच्या सुमारे अडीच लाख हेक्टरांच्या क्षेत्राला आजही 'सेते दे सेतेंब्रो', म्हणजे 'सात सप्टेंबर', हेच नाव आहे. हा ब्राझीलचा स्वातंत्र्यदिन. त्यानंतरच्या काही वर्षांत गोवर, क्षय, फ्लू यांनी ही जमात अक्षरशः झोपवली. हजारोंचे काही शेकडे उरले. पाठोपाठ महामार्ग आला, महामार्गावरून वसाहतवाले आले. १९८३ मध्ये क्षेत्राला अंतिम मंजुरी मिळाली आणि वसाहतवाल्यांना बाहेर काढले गेले. मागे राहिले त्यांचे कॉफीचे मळे. मग लाकूडवाले आले. येथे आमच्या उत्तरपत्रिकेतले वाक्य अडखळते, कारण सुरुईंमधल्या काही पुढाऱ्यांनीच लाकूडवाल्यांशी सौदे केले. महोगनी विकली. औषधाला पैसा हवा होता, ट्रक हवा होता, नव्याने आलेल्या जगात जगायला रोख रक्कम लागत होती आणि ती देणारा दुसरा कोणी नव्हता. जंगल माता असेल. पण घरात आजारी मूल असताना दारात उभा असलेला व्यापारी हाही एक पक्ष असतो.

या जमातीत १९७४ मध्ये जन्मलेले आल्मिर नारायामोगा सुरुई हे त्यांच्यातले महाविद्यालयात गेलेले पहिले. लाकूडवाल्यांविरुद्ध उभे राहिल्यामुळे त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि २००७ मध्ये काही काळ दूर जावे लागले. त्याच वर्षी ते गूगलच्या कॅलिफोर्नियातल्या कचेरीत जाऊन पोहोचले. संगणकावर उपग्रहचित्रांत आपला प्रदेश आणि त्याला चहूबाजूंनी पडत चाललेले खिंडार त्यांनी पाहिले होते. हे जगाला दाखवायला मदत करा, एवढे त्यांचे मागणे होते. पुढे सुरुई तरुण हातातल्या फोनवर तोडलेल्या झाडांची छायाचित्रे स्थळनोंदीसह टिपू लागले. याच सुमारास आल्मिर यांच्या मनात दुसरी कल्पना आकार घेत होती. जग जर कार्बनला किंमत द्यायला तयार असेल, तर उभ्या झाडाचे पैसे आडव्या झाडापेक्षा जास्त का मिळू नयेत?

२००९ मध्ये सुरुईंच्या चारही कुळांनी तोडबंदीचा करार केला. पण झाडांतला कार्बन कोणाचा, हा प्रश्न उरलाच. कायदेतज्ज्ञांनी मत दिले की अनन्य उपभोगाचा हक्क ज्यांचा, कार्बनपासून होणारा लाभही त्यांचाच. १९८८ च्या त्या कलमाशिवाय हे मत देता आले नसते. २०१२ मध्ये प्रकल्पाला आंतरराष्ट्रीय मानकांची मान्यता मिळाली आणि २०१३ मध्ये ब्राझीलमधल्या 'नातुरा' या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने एक लाख वीस हजार टनांची पहिली खरेदी केली. आदिवासींनी स्वतः चालवलेला अशा प्रकारचा हा जगातला पहिला प्रकल्प म्हणून त्याचा गाजावाजा झाला.

येथे व्याकरण शिकवणाऱ्यांना एक शंका येते. कार्बनचा हा व्यवहार कुठल्या अर्थात लिहिला जातो? क्रियापदाचे अर्थ आम्ही मुलांना शिकवतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. 'पाऊस पडला असता तर पीक आले असते' हा संकेतार्थ. कार्बनचे पत हे शुद्ध संकेतार्थात असते. 'हा प्रकल्प झाला नसता तर इतके जंगल तुटले असते, तितके तुटले नाही, म्हणून इतके टन वाचले.' न झालेल्या चोरीची ही पावती आहे. ती फाडण्यासाठी चोरी किती झाली असती याचा अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज जितका भीषण तितकी पावती मोठी. जानेवारी २०२३ मध्ये काही युरोपीय वृत्तपत्रांच्या शोधवृत्तांनी वर्षावनांच्या नावाने विकल्या गेलेल्या पतपत्रांपैकी फार मोठा भाग पोकळ असल्याचा आरोप केला. प्रमाणन करणाऱ्या संस्थेने तो फेटाळला. वाद काहीही असो, या व्याकरणात एक अन्याय मुळातच बसलेला आहे. ज्यांच्या जंगलावर कधी संकट आलेच नाही, किंवा ज्यांनी ते पूर्वीच परतवून लावले, त्यांच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. धोका सिद्ध करता आला तरच राखणीला मोल. आणि खरेदीदाराला मिळते ती आपली चिमणी, आपले विमान, आपला कारखाना चालू ठेवण्याची मुभा.

हे सारे खरे असूनही आम्ही सुरुईंच्या प्रकल्पाला हसणार नाही. जगाने देऊ केलेल्या भाषेत त्यांनी आपला दावा मांडला, आणि सुरुवातीची काही वर्षे तोड खरोखर कमी झाली. मग त्यांच्या भूमीत हिरे आणि सोने शोधणाऱ्यांचे तांडे घुसले. भूगर्भ आपला नाही, हा तपशील आता अंगाशी आला. दरम्यान जमातीतल्याच काही नेत्यांनी प्रकल्पाला जाहीर विरोध केला होता: पैसा कुठे जातो, शेतीवर बंधने का, आमच्या वतीने सही कोणी केली? या तक्रारींमागे लाकूडवाल्यांचे हितसंबंध होते, असे प्रकल्पाच्या बाजूचे लोक म्हणत. दोन्हींत तथ्य असू शकते. पैशांचे नळ चालू असलेल्या कुठल्याही गावात असे दोन तट पडतात, त्यासाठी ॲमेझॉनला जायला नको. अखेर तोड प्रकल्पाच्या मर्यादेबाहेर गेली आणि २०१८ मध्ये प्रकल्प बेमुदत स्थगित झाला.

या बातमीवर दोन प्रकारचे उसासे सोडले गेले. कार्बनबाजाराच्या टीकाकारांना आपले खरे ठरल्याचे समाधान वाटले. चाहत्यांना वाटले की आदिवासींनी निराशा केली. दुसरा उसासा आम्हांला अधिक खटकतो. आदिवासी निर्मळ असतात असे आधी गृहीत धरायचे आणि त्यांच्यात आपल्यासारखेच मतभेद, हाव, थकवा, गरज निघाली की हिरमुसायचे, हा खेळ निर्मळपणाचे प्रमाणपत्र देणाऱ्याच्या सोयीचा आहे. खाणवाल्यांना रोखण्याचे काम पोलिसांचे, न्यायालयाचे, सरकारचे होते. ते काम कार्बनच्या करारावर आणि हजार-दीड हजारांच्या एका जमातीच्या नीतिमत्तेवर सोपवले गेले आणि ते मोडले तेव्हा दोष नीतिमत्तेला दिला गेला.

आल्मिर यांची कन्या त्शाई सुरुई २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेच्या उद्घाटनाला बोलली. आपल्या एका मित्राची जंगल राखले म्हणून हत्या झाली, असे तिने त्या व्यासपीठावरून सांगितले. शेजारच्या उरू-एउ-वाउ-वाउ जमातीचे आरी हे ते मित्र. बेकायदा तोडीची नोंद ठेवणाऱ्या गस्तीपथकात ते होते आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांचा मृतदेह सापडला. त्याच ग्लासगोत अनेक देशांनी आणि धर्मादाय निधींनी आदिवासी व स्थानिक समुदायांच्या भूमिहक्कांसाठी १.७ अब्ज डॉलर देण्याचे जाहीर केले. पहिल्या वर्षीचा हिशेब त्या देणगीदारांनीच प्रसिद्ध केला, तेव्हा वाटल्या गेलेल्या रकमेपैकी थेट आदिवासी व स्थानिक संघटनांच्या हाती गेलेला वाटा सात टक्के निघाला. उरलेले मधल्या संस्थांतून गेले. बेलेंमध्ये जाहीर झालेल्या नव्या वर्षावन निधीत किमान २० टक्के वाटा या समुदायांसाठी राखण्याची तरतूद आहे. ती चांगलीच आहे. पण राखलेला वाटा आणि हातात आलेला वाटा यांतले अंतर महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

आमच्या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप आहे. यानोमामींकडे तर १९९२ पासून मंजूर क्षेत्र आहे, सुमारे ९६ लाख हेक्टर. दावी कोपेनावा यांच्यासारखा जगन्मान्य नेता आहे. तरी जानेवारी २०२३ मध्ये तिथे आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. हजारो सोनेखोदे घुसले होते, नद्यांत पारा मिसळला होता, मुले हिवतापाने आणि उपासमारीने मरत होती. मग त्या रेषेचा उपयोग काय? उत्तर असे की उतारा तुमच्या नावावर आणि चावडी गुंडांच्या ताब्यात, अशी ती अवस्था होती. अशा वेळी उतारा निरुपयोगी ठरला असे कुणी म्हणत नाही. चावडी सोडवावी लागते. ब्राझीलमध्ये सरकारची इच्छा बदलली की आकडे किती हलतात ते पाहा. ॲमेझॉनची वार्षिक तोड २००४ मध्ये २७ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक होती, २०१२ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास उतरली, २०२१ मध्ये पुन्हा १३ हजारांवर गेली आणि २०२५ च्या नोंदीत सहा हजारांच्या खाली आली. एवढ्या काळात कुठल्याही जमातीचा स्वभाव बदललेला नाही.

मराठीत हा धडा नवा आहे असेही नाही. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० सालच्या पुस्तकातला वारली वेठबिगारीविरुद्ध संप करणारा आहे. निसर्गाच्या कुशीत तो असेलही, पण त्याचे भांडण मजुरीचे आणि जमिनीचे आहे. आपल्या दुःखाबद्दल व्यासपीठावरून दुसरेच बोलतात, हा वाहरू सोनवणे यांच्या 'स्टेज' या कवितेचा विषयच आहे. ही दोन्ही नावे आम्हांला वर्गात ठाऊक असतात. तरी टिपणांत निरागसपणाच उतरतो, कारण तो परीक्षेला सोपा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचे नाव घेतानाही आम्ही गोंडांच्या निसर्गप्रेमावर थांबतो. ते जंगल वर्षावन नव्हे, आणि ॲमेझॉनशी त्याची तुलना एका मर्यादेतच करता येते. पण क्रम तोच आहे. वनहक्क कायदा २००६ चा. गावाला सुमारे अठराशे हेक्टरांवर सामूहिक हक्काचा कागद मिळाला २००९ मध्ये. आणि आपलाच बांबू बाहेर नेण्याचा परवाना ग्रामसभेच्या हाती पडायला २०११ उजाडले. कागद आणि बांबू यांच्यामधली ती दोन वर्षे कुठल्याही पाठ्यपुस्तकात येत नाहीत.

मुन्दुरुकूंकडे परत जाऊ. तापाजोसवर एक प्रचंड धरण येऊ घातले होते आणि त्यांच्या सावरे मुइबू क्षेत्राची आखणी सरकारी कचेरीत पडून होती. २०१४ मध्ये त्यांनी वाट पाहणे सोडले. बायका, पुरुष, पोरे जंगलात शिरली, कोयत्यांनी सीमेची वाट साफ केली आणि सरकार लावते तशाच पाट्या स्वतः तयार करून झाडांना ठोकल्या. त्या पाट्यांना कायद्याने काडीचीही किंमत नव्हती. एप्रिल २०१६ मध्ये सरकारने त्या क्षेत्राच्या ओळखीचा अहवाल प्रसिद्ध केला. ऑगस्टमध्ये धरणाची परवाना प्रक्रिया गुंडाळली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायमंत्र्यांनी ते क्षेत्र मुन्दुरुकूंच्या कायमच्या ताब्याचे असल्याची घोषणा केली. पुढच्याच वर्षी ते बेलेंच्या दारात बसलेले दिसले, ते या सगळ्यानंतर. यंदाच्या गठ्ठ्यात ते वाक्य आले तर गुण कापायचे की नाहीत, यावर आमच्या विभागात अजून एकमत झालेले नाही.